विचार तोच, मग वजन कुठून येतं? नकोशा विचारांना चिंता कशी जड करते, आणि ते वजन उतरवायचं कसं

भुसावळच्या फलाटावर गाडी धडधडत आत येते आणि कडेला उभ्या असलेल्या एखाद्याच्या मनात क्षणभर चमकून जातं, "आत्ता एक पाऊल पुढे टाकलं तर?" दहा पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्याही मनात नेमकं हेच येतं. पहिला "काहीतरीच!" म्हणतो आणि आपला डबा शोधायला लागतो. दुसऱ्याच्या तळहाताला घाम फुटतो. तो मागे सरकून भिंतीला पाठ लावतो आणि घरी पोचेपर्यंत स्वतःला विचारत राहतो, "मला मरायचंय का? मला वेड लागतंय का?" पुढच्या खेपेला जळगावला जायचं असतं तेव्हा तो एसटीने जातो. त्याच्या पुढच्या खेपेला जातच नाही.

दोघांना आलेला विचार एकच होता. पुढे जे घडलं ते वेगळं. हा लेख त्या पुढच्या भागाबद्दल आहे, कारण दुरुस्ती करता येते ती तिथेच.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. ज्या विचारांनी तुम्हाला शिसारी येते, जे तुमच्या स्वभावाच्या उलट आहेत आणि येऊ नयेत म्हणून तुम्ही धडपडता, त्या विचारांसाठी हे लिहिलं आहे. पोटच्या बाळाला इजा करण्याचा, देवासमोर घाणेरडी शिवी सुचण्याचा, आपल्या हातून घरच्यांना विषबाधा होईल असा, जवळच्या नात्यातल्या माणसाबद्दल अश्लील असा. मात्र कुणाला खरंच जगणं नको झालं असेल, मरण्याची इच्छा किंवा बेत मनात असेल, तर त्यांनी हा लेख वाचत बसू नये. आत्ताच घरातल्या एका माणसाला सांगावं आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन लावावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर 112.

लेखात येणारी सावद्याची बाळंतीण, पारोळ्याचा शेतकरी, अमळनेरचा पोरगा ही माणसं समजावून सांगण्यापुरती रचलेली आहेत.

आधी हे घडतं कसं ते पाहू

1978 साली रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट तपासली. मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे रुग्ण (नकोसा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो घालवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, असा आजार असलेले) आणि चारचौघांसारखी माणसं, या दोघांना येणाऱ्या नकोशा विचारांची त्यांनी तुलना केली. विचारांच्या मजकुरात फारसा फरक नव्हता. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती टोचतो आणि झटकायला किती जड जातो यात. 2014 साली अॅडम रॅडोम्स्की आणि सहकाऱ्यांचा 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 94 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की मागच्या तीन महिन्यांत त्यांना निदान एक तरी असा नकोसा, आगंतुक विचार आला होता. म्हणजे वर्गात शंभर जण असतील तर चौऱ्याण्णव जणांच्या डोक्यातून असलं काहीतरी जातं, आणि त्यातला जवळजवळ कुणीच ते कुणाला सांगत नाही. ज्याला त्याला वाटतं, आपण एकटेच असे.

मग वजन कुठून येतं? विचार आला की मेंदूतली धोक्याची घंटा वाजते. अमिग्डला नावाचा छोटासा भाग ती वाजवतो. अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. इथपर्यंत सगळं शरीराचं काम झालं. गोंधळ यानंतर होतो, कारण मन या धडधडीचा अर्थ उलटा लावतं: "इतकी भीती वाटते, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच." कापूस घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असतं की गाडी चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं. रिकामा काटाच पाच क्विंटल दाखवत असेल तर पुढच्या मापाला काय अर्थ? चिंतेच्या भरात मनाचा काटा असाच चढलेला असतो. त्यावर काहीही ठेवा, जडच भरेल. आपण मात्र काटा तपासायचं सोडून माल तपासत बसतो: हा विचार मला का आला, तो माझ्याबद्दल काय सांगतो, लहानपणी काही झालं होतं का.

हे विचार नेमके आपल्या जिव्हाळ्याच्या जागीच का लागतात, हेही यातूनच कळतं. ज्याचं देवाशी काही देणंघेणं नाही त्याच्या मनात देवाबद्दल शिवी आली तर तो हसेल. भाविक माणूस हादरतो. म्हणून घंटा भाविकाच्याच मनात वाजते. बाळावर जीव टाकणाऱ्या आईलाच बाळाबद्दलच्या विचाराची धडकी भरते. ती धडकी तिच्या मायेतून आलेली असते, हे तिला कुणी सांगत नाही.

आपल्याकडे या वजनात आणखी एक भर पडते. "अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते" हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. एरवी निरुपद्रवी वाक्य आहे, जीभ सांभाळायला बरं. पण चिंतेने ग्रासलेल्या माणसाच्या हाती ते पडलं की नुसत्या मनात येण्यालाही घडण्याचं बळ मिळतं. 1996 साली शाफ्रान, थॉर्डारसन आणि रॅकमन यांनी विचार आणि कृती यांची अशी गल्लत मोजण्याची प्रश्नावली मांडली, तेव्हा तिच्या दोन बाजू पुढे आल्या. एक, मनात आलं म्हणजे घडण्याची शक्यता वाढली. दुसरी, मनात आलं म्हणजे केल्याइतकंच पाप झालं. खान्देशातल्या कोणत्याही ओट्यावर या दोन्ही समजुती भेटतील, फक्त तिथे त्यांना कुणी शास्त्रीय नाव दिलेलं नसतं. "मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हणही तिथेच ऐकू येते. ती खरं तर आपल्या बाजूची आहे. मन वैऱ्याहून वाईट चिंततं, ते त्याचं नेहमीचंच आहे, असं जुनी माणसं सांगून गेली. त्यांनी त्याला पाप म्हटलेलं नाही.

पहिली पायरी: आठवडाभर वही

लगेच काही बदलायचं नाही. एक शंभर पानी वही घ्या, किंवा मोबाइलमध्ये लिहा. विचार येऊन गेला की चार गोष्टी नोंदवा: तेव्हा कुठे होतात, शरीरात काय झालं, वजन दहापैकी किती वाटलं, आणि तुम्ही पुढे काय केलंत. विचाराचा मजकूर एका ओळीत उरका. त्यावर निबंध लिहू नका.

पारोळ्याच्या शेतकऱ्याची एक नोंद अशी असेल: "संध्याकाळी, कपाशीवर फवारणी करून आलो. पाण्याच्या माठाला हात लागला. विष गेलं असेल. छाती धडधड, वजन 8. माठ ओतला, घासला, परत भरला. हात सर्फने तीन वेळा धुतले. बायकोला विचारलं, वास येतो का. तिने नाही म्हटल्यावर बरं वाटलं. जेवताना परत तेच."

या नोंदीतलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बरं वाटलं, आणि जेवताना परत तेच.

आठवड्याच्या शेवटी वही चाळताना विचारांच्या यादीपेक्षा वजनाच्या आकड्यांकडे बघा. एकच विचार सोमवारी 3 आणि गुरुवारी 9 असेल. गुरुवारी काय वेगळं होतं? बहुतेकदा झोप. शेताला लाइट रात्रीची असते, पाणी भरायला दोन वाजता उठावं लागतं, वर चहावर चहा. परीक्षेच्या तोंडावरचा विद्यार्थी, रात्री चारदा उठणारी बाळंतीण, मार्चअखेरीला पतसंस्थेच्या हप्त्याची जुळवाजुळव करणारा माणूस, सगळ्यांचं हेच होतं. विचार तसाच असतो, काटा चढलेला असतो. हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की जेवढं पटतं, तेवढं दुसऱ्याने सांगून पटत नाही.

दुसरी पायरी: खबरदारी कुठे संपते आणि शंका कुठे सुरू होते

या पायरीला वेळ द्या, कारण लोक इथेच अडतात. पारोळ्याच्या भाऊंना हात धुऊ नका असं कोण सांगेल? फवारणीचं औषध विषारीच असतं. हात साबणाने धुणं, अंगावरचे कपडे बदलणं, पंप आणि डबे स्वयंपाकघरापासून लांब कुलपात ठेवणं, हे प्रत्येकाने केलंच पाहिजे. मग फरक कसा ओळखायचा?

खबरदारी नियमाने घेतात. ती सगळ्यांसाठी सारखी असते आणि घेतली की संपते. शंकेपोटी केलेल्या कृतीचा शेवट भावनेवर ठरतो: "मनाला पटेपर्यंत" धुवायचं. मनाला कधी पटणार, ते मनाच्या हातात. आज तीन वेळा, दिवाळीपर्यंत नऊ वेळा. पॉल साल्कोव्स्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1985 साली मांडलेल्या विवेचनाचा गाभा हाच होता. माणूस विचाराचा अर्थ "आता काही झालं तर जबाबदारी माझी" असा लावतो आणि ती जबाबदारी उतरवायला जे जे करतो, त्यानेच विचार टिकून राहतो.

दिसणाऱ्या कृती ओळखणं सोपं असतं: धुणं, कुलूप पुन्हा ओढून बघणं, अर्ध्या वाटेवरून मोटारसायकल वळवून "कुणाला धक्का तर लागला नाही ना" म्हणून रस्ता तपासून येणं. न दिसणाऱ्या कृती जास्त चिवट असतात. अमळनेरच्या पोराचंच बघा. देवळात हात जोडले की त्याच्या मनात शिवी येते. ती पुसायला तो मनातल्या मनात अकरा वेळा नाम घेतो. मध्येच पुन्हा शिवी आली की मोजणी पहिल्यापासून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा किती श्रद्धाळू. गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खान्देशातल्या या देवीच्या सणाला, तो काकांच्या घरी गेलाच नाही. सगळं भाऊबंद जमलं होतं, त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं. हे टाळणंसुद्धा कृतीच.

नामस्मरण वाईट असं कुणी समजू नये. नाम देवासाठी घेतलं की विचार खोडायला, एवढंच स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. मोजणी चुकल्याची भीती वाटत असेल तर उत्तर मिळालंच.

यादीत आणखी काय घालायचं? घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारणं. रात्री एक वाजता मोबाइलवर "असे विचार येणारे लोक खरंच तसं करतात का" हे शोधणं. स्वतःची परीक्षा घेणं: "बाळाकडे बघून मला काय वाटतंय, नीट बघू." आणि दिलासा मिळतो म्हणून हाच लेख पाचव्यांदा वाचणं. तेही यादीत लिहा.

तिसरी पायरी: विचाराला ढकलणं थांबवा

"मनावर घेऊ नको", "डोक्यातून काढून टाक" हे सल्ले आपल्याकडे चहाबरोबर मिळतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला उलटतो. 1987 साली अमेरिकेतल्या डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. पुढची गंमत आणखी बोलकी आहे. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांना तो, पहिल्यापासूनच अस्वलाचा विचार करायला सांगितलेल्या गटापेक्षा, जास्त वेळा आला. कारण समजायला सोपं आहे: विचार आला की नाही हे बघायचं तर मनाचा एक कोपरा सतत त्याच विचारावर पहारा देत बसतो.

मग करायचं काय? विचार येतो तसा येऊ द्यायचा, जातो तसा जाऊ द्यायचा, आणि हातातलं काम सोडायचं नाही. बोलायला सोपं वाटतं म्हणून करण्याची रीत सांगतो.

विचार आला की मनात एक वाक्य म्हणायचं: "मला असा विचार आला की मी बाळाला इजा करीन." "मी बाळाला इजा करीन" यापेक्षा हे वाक्य पाच शब्दांनी लांब आहे, आणि तेवढ्याने आपण विचारापासून वीतभर लांब उभे राहतो. त्यानंतर वाद घालायचा नाही. "छे, मी असं कधीच करणार नाही, मी किती चांगली आई आहे" हे उत्तरही देऊ नका. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो: "कशावरून?" फार आग्रह झालाच तर एवढंच म्हणा: "असेल, नसेल. आत्ता मी कांद्याची पात निवडतेय." हे पहिल्यांदा म्हणताना अंगावर काटा येईल. बाळाबद्दल "असेल, नसेल" कसं म्हणायचं? पण शंभर टक्के खात्री हीच या दुखण्याची मागणी आहे, आणि ती जगात कुणालाच कशाचीही मिळत नाही. तुम्ही रावेरहून जळगावला गाडीने जाता तेव्हा परत येण्याची लेखी हमी घेऊन निघत नाही. तीच मुभा इथेही घ्यायची आहे.

एक इशारा. दीर्घ श्वास, प्राणायाम, थंड पाणी हे सगळं दिवसभराच्या ताणासाठी चांगलं आहे. पण विचार आला रे आला की तो घालवायला श्वास मोजायला बसलात, तर तो अकरा वेळा नाम घेण्याचाच नवा प्रकार झाला.

चौथी पायरी: कृती लांबणीवर टाका

एका दिवसात सगळं बंद करायला जाल तर तिसऱ्या दिवशी दुप्पट वेगाने सुरू होईल. यादीतली सगळ्यात हलकी कृती निवडा. ती करायला बंदी नाही, फक्त उशीर करायचा. पाच मिनिटं थांबा. घड्याळ लावा, तेवढ्यात गोठ्यातलं शेण काढा, कपडे वाळत घाला, काहीही. पाच मिनिटांनी वजन पुन्हा मोजा आणि मग ठरवा. दोन-चार दिवसांनी दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास. कधीतरी असं होतं की अर्ध्या तासाने करायचं राहूनच जातं. ते वहीत ठळक लिहा.

थांबणं अगदीच जमेना तर कृती बिघडवून करा. अकराऐवजी सात वेळा नाम आणि उठा. कुलूप एकदाच, डाव्या हाताने. साबणाने एकदा हात धुऊन झाल्यावरचं जादा धुणं नुसत्या पाण्याने, सर्फशिवाय. या पायरीचा उद्देश एवढाच की त्या कृतीची पकड सैल व्हावी.

पाचवी पायरी: शिडी

शिडी म्हणजे भीतीच्या गोष्टीला हलक्यापासून जडापर्यंत एकेक पायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. या उपचाराचा पाया 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी घातला. त्यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीसमोर नेलं आणि नेहमीची कृती करू दिली नाही. आज जगभर मंत्रचळावरच्या उपचारांत हीच पद्धत आघाडीवर आहे. जमत असेल तर ती प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या सोबतीने करा. बाळंतिणीने तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूच करू नये. त्याचं कारण पुढे येतं.

सावद्याच्या बाळंतिणीचं बाळ चार महिन्यांचं आहे. विळी, सुरी, कात्री सगळं तिने कपाटावर टाकलंय. भाज्या सासूबाई चिरतात. घरी कुणी नसेल तर ती बाळाला घेऊन शेजारी जाऊन बसते. नव्या आयांना असे विचार सर्रास येतात, पण तिला वाटतं जगात तीच एक डाकीण. डॉक्टरांशी बोलून तिने मांडलेली शिडी अशी आहे, कंसात तिने दिलेलं वजन:

सुरी आणि विळी पुन्हा नेहमीच्या जागी ठेवायच्या (3).
बाळ दुसऱ्या खोलीत झोळीत असताना कांद्याची पात चिरायची (4).
झोळी स्वयंपाकघरात, सासूबाई अंगणात, आणि हिने मिरच्या चिरायच्या (6).
घरात फक्त दोघं, झोळी जवळच, आणि संध्याकाळची भाजी चिरायची (8).
तेच करताना आलेल्या विचाराला उत्तर न देता तो तसाच राहू द्यायचा (9).

यातलं एकही काम जगावेगळं नाही. यावल-रावेरच्या घराघरांत रोज हेच चालतं. शिडी अशीच असावी. इतर चार माणसं सहज करतात तेवढंच करायचं, मुद्दाम धोका ओढवायचा नाही.

एका पायरीवर रोज अर्धा-पाऊण तास द्या, चार-पाच दिवस सलग. जुन्या पुस्तकांत म्हणायचे की भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा. बऱ्याचदा ती येतेही. पण "उतरलीच पाहिजे" असा हट्ट धरलात तर ती उतरली का हे बघत बसाल, आणि पहारा पुन्हा सुरू. शिकायचं एवढंच असतं की भीती असतानाही पात चिरता येते, आणि ज्याची भीती होती ते घडलं नाही. एखाद्या दिवशी वजन 9 वरच राहिलं आणि तरी भाजी चिरून झाली, तर तो दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही.

अमळनेरच्या पोराची शिडी देवळाच्या पायरीपासून सुरू होईल आणि भाऊबंदांसोबत कानबाईच्या जागरणाला बसण्यापर्यंत जाईल, शिवी मनात आली तरी न मोजता.

सहावी पायरी: घरच्यांशी करार

एकत्र कुटुंबात हे दुखणं एकट्याचं राहत नाही. सासूबाई भाज्या चिरतात, बायको हातांचा वास घेते, धाकटा भाऊ कुलूप बघून येतो. सगळे मायेपोटी करतात, आणि त्या मायेने विचार अधिक जड होतो, कारण घरातल्या चार शहाण्या माणसांनी तो दखल घेण्याजोगा ठरवलेला असतो.

अचानक मदत बंद करू नका, तो जाच होईल. आधी बसून बोला, निवांत वेळी. ठरवा की प्रश्न पुन्हा आला तर काय म्हणायचं. सासूसुनेचं बोलणं असं होऊ शकतं:

"आई, मी बाळाला काही करणार नाही ना हो?"

"हा तोच प्रश्न ना पोरी? आपलं ठरलंय, याचं उत्तर मी द्यायचं नाही."

"एकदाच सांगा ना. शेवटचं."

"जीव घाबरतोय तुझा, दिसतंय मला. मी इथेच आहे. चल, पीठ मळ, भाकरी टाकायच्यात."

या बोलण्यात सासूबाई भीती नाकारत नाहीत, चिडत नाहीत, "तू किती चांगली आई आहेस" असं पुराणही लावत नाहीत. हे जमायला सरावच लागतो. नवऱ्याला बहुतेक वेळा सासूपेक्षा जास्त अवघड जातं, कारण "काही होत नाही गं, झोप" म्हणून मोकळं होण्याची सवय पडलेली असते.

दोन गोष्टी घरच्यांनी टाळाव्यात. विचाराची चेष्टा करू नये. आणि "हिच्या अंगात काहीतरी आहे" म्हणून भगताकडे नेऊ नये. अंगात काही शिरलंय असं ऐकल्यावर त्या बाईच्या मनातल्या विचाराचं वजन किती होईल, तुम्हीच सांगा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं

विचार आणि त्यापोटीच्या कृती मिळून दिवसाचा तासाहून जास्त वेळ खात असतील, किंवा शाळा, शेत, दुकान, संसार यांत अडथळा येत असेल, तर थांबू नका. वहीतल्या पायऱ्या महिनाभर करूनही आकडे हलत नसतील तरीही जा. सोबत उदासपणा, भूक मरणं, कशातच मन न लागणं असेल तर त्याआधीच जा.

काही खुणा मात्र वेगळ्या आहेत आणि तिथे या लेखातलं काहीही लागू होत नाही. बाळंतिणीला झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बोलणं असंबद्ध झालं, बाळ देवाचं किंवा सैतानाचं आहे अशी पक्की खात्री बसली, कुणीतरी कानात हुकूम देतंय असं ती सांगू लागली, तर तो बाळंतपणानंतरचा गंभीर मनोविकार असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तोवर आईला बाळासोबत एकटं ठेवू नका. बाळंतिणीने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय शिडी सुरू करू नये असं वर म्हटलं, त्याचं कारण हेच. नकोशा विचारांत आई स्वतःच्या विचाराला घाबरते. या आजारात तिला तो विचार बरोबर वाटू लागतो. हा फरक घरबसल्या ठरवू नये. मरण्याची इच्छा असलेल्या माणसाच्या घरातून फवारणीचं औषध त्याच दिवशी हलवा, ते दुसऱ्याकडे कुलपात राहू द्या.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या केसपेपरच्या खिडकीवर मानसोपचार विभाग एवढंच सांगायचं. कुणाला कळेल ही धास्ती मोठी असते, विशेषतः सोयरीक व्हायची असेल तर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. मंत्रचळात फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन अशी एसएसआरआय गटातली औषधं देतात. पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत "गुण नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या मेडिकलवाल्याकडून ओळखीवर आणून घेऊ नयेत.

पहिल्या भेटीत काय बोलावं हे अनेकांना सुचत नाही. ते तब्येतीचं सांगतात, अॅसिडिटीची गोळी घेऊन परततात. वहीतली दोन पानं सोबत न्या आणि बसल्याबसल्या हे वाक्य म्हणा: "डॉक्टर, मला नको असलेले विचार येतात, त्यांची भीती वाटते, आणि ते घालवायला मी दिवसभर काहीतरी करत राहतो." विचाराचा मजकूर उच्चारवत नसेल तर पान पुढे करा. या डॉक्टरांनी असे विचार आधीही अनेकांकडून ऐकलेले असतात.